दगडासाठी रजा

पदवी हातात आली त्याच वर्षी मला नोकरी लागली. आमच्या घरात या दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच घडत होत्या. वडील मूलच्या राइस मिलमध्ये पोती उचलत, आई लोकांच्या बांध्यांत धान रोवायला जाई. मुलगा खुर्चीवर बसून लिहिणार, याचं त्या दोघांना इतकं अप्रूप होतं की मी निघालो त्या सकाळी वडिलांनी मिलमध्ये खाडा केला. एस.टी. स्टँडवर त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, "सरकारी कागदावर खोटं लिवू नको." मी कागदावर कधी खोटं लिहिलं नाही. जे चुकीचं होतं ते मी तोंडानं बोललो, आणि बोलताना मला ते चुकीचं वाटलंही नव्हतं.

आमचं कार्यालय चंद्रपुरात दोन खोल्यांचं होतं. निवृत्त सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या अर्जांचं काम तिथं चाले. पलटणीतून कुणा जवानाच्या घरची चौकशी आली तर तिचं उत्तर आम्ही पाठवायचं. सैन्याची भरती असली की गावोगाव निरोप पोहोचवून पोरांचे फॉर्म भरून द्यायचे, हेही आमच्याकडे होतं. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला होता, पण तिकडचं हे काम अजून आमच्याच खोलीतून चाले. मी लिपिक. माझ्या समोरच्या टेबलावर एक निवृत्त हवालदार बसत, ब्रह्मपुरीकडचे. वीस वर्षं सैन्यात काढून आलेला माणूस. चाकूनं पेन्सिलीला टोक काढताना ते बोलत नसत, बाकी सगळा वेळ बोलत. मला नावानं हाक त्यांनी कधी मारली नाही. पहिल्या दिवसापासून ते मला "बी.ए." म्हणत.

"बी.ए., तुमचं अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले, "पन भरती अक्षरानं नाई होत. छातीनं होते."

छातीनंही होत नव्हती. वरोरा, ब्रह्मपुरी, नागभीड या बाजूंनी पोरं येत. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागांतून जवळजवळ कुणीच येत नसे. दर खेपेला वरून पत्र यायचं, दुर्गम भागातून उमेदवार का मिळत नाहीत, खुलासा करावा. खुलासा मीच लिहायचो. भरतीची तारीख कळवणारा कागद गावी पोहोचायचा तोवर भरती होऊन गेलेली असे. पोरगा आला तर उंची अर्धा इंच कमी भरे. उंची भरली तर शाळेचा दाखला नसे. आणि एवढं सगळं जुळून जे दोघेतिघे जात, ते तीन-चार महिन्यांत प्रशिक्षण सोडून गावी परत येत. पळून येत म्हणायला मला जड जातं. ते घरी येत.

हवालदार म्हणायचे, "आपल्या जंगलातलं पोट्टं गोळीले नाई भेत, बी.ए. पोळीले भेते. दोन येळा गव्हाची पोळी अन् चारी बाजूनं हिंदी. रडायचं त कोनाजवळ?"

त्या काळात जंगलात दुसरीही माणसं, बंदुका घेऊन, पोरं शोधत फिरू लागली होती. त्याबद्दल कार्यालयात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

त्या हिवाळ्यात आलापल्लीला भरतीचं शिबिर होतं. मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. एक मैल धावायचं होतं. भामरागडच्या पलीकडच्या गावातला एक माडिया मुलगा अनवाणी पहिला आला, आणि चुन्याची रेषा ओलांडून तसाच पुढे धावत सुटला. रेस्ट हाउस मागं टाकून तो बांबूच्या डेपोपर्यंत गेला. हवालदारांना सायकलवरून त्याच्या मागं जावं लागलं.

"थांबाचं कोनी सांगतलंच नाई," तो परत आल्यावर म्हणाला. त्याला दमही लागला नव्हता.

उंची काठावर भरली. आश्रमशाळेचा आठवीचा दाखला त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. मी फॉर्म भरायला घेतला, तेव्हा तो म्हणाला, "बापाले इचारा लागते." बाप मैदानाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली बसला होता. दोन दिवस चालून तो मुलाबरोबर आला होता. कधीकाळी अस्वलानं त्याची कंबर फाडली होती, त्यामुळे तो सरळ बसू शकत नसे. डाव्या अंगाला कलून, हात जमिनीला टेकून बसला होता.

हवालदार आणि मी त्याच्यासमोर बसलो. त्याला मराठी थोडी समजे, पण तो बोलला माडियात, आणि मुलगा आम्हाला सांगत गेला. जेवायला काय देतात, झोपायला कुठं, आजारी पडला तर कोण पाहतं. हवालदारांनी उत्तरं दिली. मग म्हातारा मुलाकडे न पाहता काहीतरी बोलला. मुलगा सांगायला संकोचला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"बाप म्हनते, मी मेलो त माहा दगड यानंच उभा केला पायजे. तवा येऊ देतीन का?"

माडियांच्या गावांबाहेर, वाटेच्या कडेला, उभे केलेले दगड मी पाहिले होते. गेलेल्या माणसासाठी घरचे लोक असा दगड आणून उभा करतात, त्याचं जेवण घालतात, आणि तोवर तो माणूस घराच्या आसपासच राहतो असं मानतात, इतकं मला ऐकून माहीत होतं. बापाचा दगड मुलानं आणायचा. मी तेवीस वर्षांचा होतो. सहा महिने खुलासे लिहून कंटाळलो होतो, आणि समोर पहिला असा मुलगा होता जो सगळ्या मापांत बसत होता.

"देतात," मी म्हणालो. "घरात कुणी गेलं तर सुट्टी मिळते. आणि काही अडचण आलीच तर मला लिहायचं. मी चंद्रपुरातच आहे."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मुलानं सही केली.

परत येताना एस.टी.त हवालदार खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "सुट्टी तुमच्या हातात हाय का बी.ए.?"

"नियम आहे ना."

"हाय. नियमात 'शक्य असल्यास' बी हाय."

त्या वेळी मला वाटलं, हे निवृत्त माणसाचं कुरकुरणं आहे.

मुलगा टिकला. तीन महिने गेले, सहा गेले, तो परत आला नाही. प्रशिक्षण केंद्रातून त्याची दोन पोस्टकार्डं मला आली. एकात लिहिलं होतं, "पोळी खातो. थंडी आहे. बाप बरा असेल." ते पोस्टकार्ड हवालदारांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. पुढच्या दोन खुलाशांमध्ये मी त्याचा उल्लेख केला, दुर्गम भागातील एक उमेदवार प्रशिक्षण पूर्ण करून पलटणीत रुजू. हे वाक्य लिहिताना मला फार बरं वाटे.

दीड वर्षानं, सप्टेंबरच्या शेवटी, पलटणीचं पत्र आलं. वडिलांच्या मृत्यूमुळे सदर जवान वीस दिवसांच्या रजेवर गेला असून रजा संपून आठ दिवस झाले तरी हजर झालेला नाही. घरी चौकशी करून कळवावे.

हवालदारांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"तीस दिवस झाले का चौकशी बसते, अन् भगोडा लिवतात. मंग कागद पोलिसाकडं जाते." त्यांनी बोटं मोजली. "आठ कागदावरचे, तीन टपालातले, अकरा गेले. तुमाले पोचाले तीन. त्याले तिथून पलटनीत जाले पाच. मधात अकरा दिवस हायेत. आजच निंगा."

पोलीस एका पळालेल्या जवानाला शोधत त्या गावात गेले असते, तर त्या वर्षांत त्याचा त्रास एकट्या त्याला झाला नसता, सगळ्या गावाला झाला असता. हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. मी सात दिवसांची रजा टाकली आणि निघालो.

आलापल्लीपर्यंत एस.टी. होती. पुढे वनखात्याच्या ट्रकनं एका नाल्यापर्यंत सोडलं. नाल्याच्या पलीकडे रस्ता नव्हताच, चिखल होता. बांबू वाहणाऱ्या मजुरांच्या सोबतीनं मी चालत राहिलो. एका ठिकाणी डोंग्यातून नदी ओलांडली. लाकूड कोरून केलेल्या त्या नावेत मी दोन्ही कडा घट्ट धरून बसलो होतो, आणि डोंगा वल्हवणारा माझ्या नव्या चपलांकडे पाहून हसत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावात शिरलो. तो अंगणात कुंपणाच्या काठ्या तासत होता. मला पाहताच त्यानं कोयता खाली ठेवला आणि लुंगीवर, अनवाणी, ताठ उभा राहून सलाम केला. चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट तो खूश दिसत होता.

"माहं पत्र भेटलं ना भाऊ तुमाले?" तो म्हणाला.

"कोणतं पत्र?"

"सुट्टीचं. वाढवून द्या म्हनून लिवलं होतं. रजा संपाच्या आठ दिवस आंधीच टाकलं भामरागडच्या पोस्टात."

"पलटणीला लिहिलंस?"

"नाई. तुमाले."

 तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि हळूहळू त्याला कळत गेलं की मी मंजुरी घेऊन आलेलो नाही.

त्यानं अर्ज केला होता, वेळेत केला होता, आणि ज्यानं 'मला लिही' म्हटलं होतं त्यालाच केला होता. त्याच्या दृष्टीनं सैन्याचं दार माझ्या टेबलापाशी होतं, कारण तो आत गेला तो तिथूनच. पोस्टाची थैली पुरामुळे बरेच दिवस भामरागडलाच अडकून पडली होती. घराच्या आढ्याला त्याचे बूट टांगले होते, वाळवी लागू नये म्हणून. ते मी खाली काढून पाहिले. पॉलिश केलेले होते. पळून आलेला माणूस बुटांना पॉलिश करत नाही.

त्याचा काका घरातून बाहेर आला. बापाचा धाकटा भाऊ, गावात त्याच्या शब्दाला मान होता. जंगलात लाकूडतोडीच्या कामावर अनेक वर्षं काढल्यामुळे तो आमची बोली बोले. मी त्याला सगळं सांगितलं, दिवस मोजून सांगितले. त्यानं शांतपणे ऐकलं.

"दगड नदीच्या तिकडं हाय," तो म्हणाला. "माह्या भावानं सोताच पाहून ठेवला होता. बांबू तोडाले जाये तवा तिथंच बसे. पानी उतरल्याबिगर येत नाई तो."

"डोंग्यातून?"

"चार मान्सं डोंग्यात येते. दगड नाई येत. त्याले खांद्यावर आना लागते, पान्यातून चालत."

"मग इकडचा एखादा दगड..."

काकानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. 

खरं तर पाणी उतरलं तरी लगेच दगड आणत नाहीत. नवं धान घरात आलं की जेवण घालून आणतात, म्हणजे आणखी दोन महिने. पण काका त्या बाबतीत मागं सरला. जेवण मागून घालू, तो म्हणाला, गावाला मी सांगतो, फक्त दगड आला पाहिजे. मी विचार केला, अकरा दिवस आहेत, पाऊस परतीचा आहे, पाणी उतरेल. मी थांबायचं ठरवलं.

रोज सकाळी मुलगा नदीवर जाऊन पाण्याच्या काठाशी बांबूची एक खुंटी ठोकून येई. दुसऱ्या दिवशी खुंटी कोरडी असली तर पाणी उतरलं. पहिले तीन दिवस पाणी दोन-दोन बोटं उतरत गेलं. आम्ही खुंट्या मोजत घरी यायचो. डोंग्यानं पलीकडे जाऊन मी तो दगड पाहूनही आलो. माणसाच्या उंचीचा, पातळ, काळपट. त्याचं एक टोक बसून बसून गुळगुळीत झालं होतं. चौथ्या दिवशी वरच्या अंगाला कुठंतरी पाऊस झाला आणि सगळ्या खुंट्या पाण्याखाली गेल्या.

माझी सात दिवसांची रजाही संपली होती. माझ्याकडेही वाढीव रजेचा कागद नव्हता, आणि इथून तो मागायचा मार्गही नव्हता. हे मला आठव्या दिवशी नदीच्या काठावर उभं असताना एकदम लक्षात आलं. त्याला सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

"मंग आपन दोघंबी भगोडे, भाऊ."

त्याच दिवशी मी काकाशी जरा वाद घातला. आता आठवलं की संकोच वाटतो. मी म्हणालो, "भाऊ, आमच्या लोकांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा असे कितीतरी विधी सोडले. देव सोडले, नवस सोडले, तेराव्याची जेवणं सोडली. माझ्या आजोबांनी घरातले टाक नदीत नेऊन टाकले. काही वाईट झालं नाही. आम्ही शिकलो. मी इथं आलो तो त्यामुळेच आलो."

हे मी मनापासून बोललो होतो, आजही ते मला खरंच वाटतं. काका चिलमीत तंबाखू भरत होता. त्यानं ती भरून घेतली.

"तुमी सोडलं ते समद्यांनी मिळून सोडलं ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"आजाबी होता, आजीबी होती, गाव होतं."

"हो."

"याले तू एकट्याले सोडाले लावून राह्यला."

  प्रशिक्षणातून परत येणाऱ्या पोरांबद्दल मी लिहिलेले सगळे खुलासे मला आठवले. अन्न, भाषा, हवामान, अशी कारणं मी त्यांत ओळीनं लिहिली होती.

अकराव्या दिवशी सकाळी नदी तशीच होती. आता निघालो नाही तर तीस दिवस उलटणार. तो काठावरून परत आला आणि अंगणात बसून राहिला. काका बसला. मी बसलो. जायचं की नाही हे ठरत नव्हतं.

त्याची आई या सगळ्या दिवसांत माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. मला पानावर भात वाढून ती बाजूला होई. ती उठली, आढ्याचे बूट सोडवले, पदरानं पुसले आणि त्याच्यासमोर आणून ठेवले. मग आत जाऊन ट्रंक उघडून तिनं गणवेश काढला आणि तोही बुटांशेजारी ठेवला. तो खाली मान घालून पाहत राहिला. ती त्याला माडियात काहीतरी थोडकं बोलली आणि पाण्याला गेली. ती काय म्हणाली हे मी त्याला तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही.

तो कपडे बदलत असताना काका माझ्याकडे वळला.

"बाबू, याच्या बापाले कोनं शबूद देला होता?"

"मी."

"मंग दगडाले तू ये."

मी हो म्हणालो. या वेळी हो म्हणताना कसलाही उत्साह नव्हता. मी येईन, इतकंच मला माहीत होतं.

बल्लारशाहला त्याला गाडीत बसवण्याआधी स्टेशनच्या बाकावर बसून मी पलटणीला द्यायला एक कागद लिहिला. उशीर का झाला, अर्ज त्यानं कधी आणि कुणाकडे केला, आणि चुकीच्या जागी का केला. शेवटी लिहिलं, रजेबाबत व अर्जाबाबत जवानास व त्याच्या वडिलांस अपुरी माहिती मी दिली होती. खाली सही आणि हुद्दा. त्याची नक्कल घेऊन कार्यालयात गेलो, तर हवालदारांनी ती वाचून पेन्सिलीनं शेवटची ओळ दाखवली.

"हे शेवटचं वाक्य कायले लिवलं? खुलासा तुमालेच मागतीन."

"खरं आहे म्हणून."

"मले माहीत हाय खरं हाय," ते म्हणाले, आणि माझ्या टेबलाकडे बोट केलं. तिथं एक आंतर्देशीय पत्र होतं, ओलं होऊन वाळलेलं. मी निघाल्यावर चौथ्या दिवशी ते आलं होतं. हवालदारांनी ते उघडलं नव्हतं. त्यात चार ओळी होत्या. बाप वारला. दगड नदीपलीकडे आहे. पाणी उतरेपर्यंत सुट्टी वाढवून द्यावी. तुम्ही सांगितलं होतं म्हणून तुम्हाला लिहितो.

तो एकोणतिसाव्या दिवशी हजर झाला. उशिराबद्दल शिक्षा झाली, पण भगोडा म्हणून नोंद झाली नाही, आणि पोलिसांकडे कागद गेला नाही. मलाही खुलासा मागितला गेला. मी तो दिला.

डिसेंबरात मी गेलो. नदी गुडघ्याएवढी होती. वेलींच्या दोरांनी दगड बांबूंना बांधला होता आणि आठ माणसं लागणार होती. काकानं मला डाव्या बाजूला मधे उभं केलं, जिथं मुलगा असायला हवा होता. पाण्यातले गोटे पायाखाली सरकत होते. माझ्या खांद्याची कातडी पहिल्याच पन्नास पावलांत सोलली गेली. मधेच मी थांबलो तर सगळ्यांना थांबावं लागलं. मागच्या माणसानं माझ्या बांबूखाली आपला हात घातला. पाणी ओलांडून चढ चढून आम्ही गावच्या वाटेपाशी आलो, जिथं आधीचे दगड होते. खड्डा खणलेला होता. दगड उभा केला, माती दाबली. तो डावीकडे थोडा कललेला राहिला. मी तो सरळ करायला पुढे झालो तर काका म्हणाला, "राहू दे."

जेवण झालं. निघताना काका मला गावाबाहेरपर्यंत सोडायला आला.

"तू आला, चांगलं केलं," तो म्हणाला. "पन आता आमच्या गावातलं दुसरं पोट्टं मागाले येऊ नको."

मी गेलो नाही. पुढच्या शिबिरांत मी पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना आधी सगळं सांगायचो. सुट्टी मिळते, कधी मिळत नाही. अर्ज कुणाकडे करायचा, त्याचा पत्ता मी कागदावर लिहून द्यायचो. एटापल्लीकडची एक बाई तासभर ऐकून शेवटी एवढंच म्हणाली, "घरात मान्सं मरते तवा येऊ देते का?" मी म्हणालो, "कधी देतात, कधी नाही, बाई." तिनं थोडा विचार केला आणि मुलाला परत घेऊन गेली. त्या वर्षीचा आमचा आकडा आणखी कमी झाला. हवालदार पेन्सिलीला टोक काढत होते. मला वाटलं आता टोमणा येईल. त्यांनी शिपायाला दोन चहा सांगितले.

आणखी दोन हिवाळे गेल्यावर तो माडिया जवान रजेवर आला, रीतसर, दोन महिन्यांच्या. आधी तो कार्यालयात आला. अंगानं भरला होता, हिंदी मिसळून बोलत होता.

"या बारीले अर्ज तिकडंच देला, भाऊ," तो म्हणाला. "तुमाले नाई."

हवालदारांनी काचेखालचं पोस्टकार्ड त्याला दाखवलं. तो ते वाचून लाजला. मला विचारायचं होतं, राहणार ना तू नोकरीत? पण विचारायचा अधिकार आपला नाही असं वाटलं. त्यानं मला बरोबर चल म्हटलं. मी रजेचा अर्ज दिला, मंजूर करून घेतला, आणि गेलो.

गावाच्या वाटेवर आम्ही दगडापाशी थांबलो. भोवती गवत वाढलं होतं. त्यानं बूट काढून बाजूला ठेवले आणि गवत उपटून जागा साफ केली. मग तो दगडासमोर उकिडवा बसून त्याच्याकडे पाहत राहिला. दगड डावीकडे कललेला आहे हे मला दिसत होतं, आणि त्याला दिसतंय हेही कळत होतं.

"मी धरला होता त्या बाजूला," मी म्हणालो. "नीट जमलं नाही मला. काका म्हणाले राहू दे."

 मग त्यानं दगडाच्या वरच्या टोकावर, जिथं गुळगुळीत होतं तिथं, हात ठेवला.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "बाप असाच बसे."